‘पैसेवाल्यांची हौस’ म्हणणाऱ्या वाचकास

आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस थांबले, कारण तेव्हाच लिहायला बसले असते तर तोंडून भलतंच काही गेलं असतं.

राजस्थानातल्या राजवाड्यांत मुक्काम करण्याबद्दल मी जे लिहिलं त्यावर आपले आक्षेप असे: जगनिवास महालाचं साल चुकलं, जोधपूरचं उमेद भवन दुष्काळात बांधलं गेलं यावर मी गप्प बसले, संस्थानं विलीन झाल्यावर सरकारकडून मिळणारे तनखे गेले तेव्हा राजांनी राजवाड्यांची हॉटेलं करून जो धंदा काढला त्याची मी जाहिरात करते, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, ‘राजवाड्यात एक रात्र झोपून इतिहास कळत नाही, ही पैसेवाल्यांची हौस आहे, बाई.’

सालाचं मान्य. उदयपूरच्या पिछोला तलावातल्या जगनिवासचं काम १७४३ मध्ये सुरू झालं आणि १७४६ मध्ये पुरं झालं. मी १७४३ मध्येच ‘बांधून झाला’ असं लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मुद्द्याकडे येतेच, पण त्यातलं ते ‘बाई’ कशासाठी? हाच लेख एखाद्या पुरुषाचा असता तर वाक्याच्या शेवटी ‘बाबा’ जोडलं असतंत का? मतभेद असू द्या, पण मी आपल्याशी कधी अशा सुरात बोललेले नाही.

आणि पैसेवाले कोण? माझे वडील पोस्टात होते. चार वर्षांतून एकदा मिळणाऱ्या एलटीसीवर, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रवास सवलतीवर, त्यांनी आम्हाला जयपूर दाखवलं. उतरलो धर्मशाळेत, पहिले दोन दिवस घरच्या दशम्या खाल्ल्या. हवामहलात शिरलो तेव्हा दुपार टळून गेली होती. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधलेला तो महाल, ९५३ खिडक्या, राणीवशातल्या बायकांना रस्ता दिसावा आणि रस्त्यावरून त्या कुणाला दिसू नयेत म्हणून. मी एका जाळीला डोळा लावते न लावते तोच शिट्टी वाजली, वेळ संपली, चला खाली. जिन्यात मी वडिलांना विचारलं, अंधार पडल्यावर त्या बायकांना काय दिसत असेल? ते म्हणाले, ‘रात्री इथे आपल्याला कोण राहू देणार?’

हे मी मनात ठेवलं होतं. त्यानंतर किती वर्षांनी, मी आणि माझी धाकटी बहीण, दोघींनी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून राजस्थानच्याच शेखावाटी भागातल्या एका ठिकाणेदाराच्या, म्हणजे छोट्या जहागीरदाराच्या, गढीत तीन रात्री काढल्या. महाराजांचा महाल नव्हता तो, तेवढी आमची ऐपतही नाही. खोली जनान्यातली होती. पहिल्या रात्री दिवा लावून जाळीपाशी बसले तर बाहेर काहीच दिसेना, नुसता काळोख. उलट खालच्या चौकातून बहीण ओरडली, ‘ताई, तू अख्खी दिसतेयस!’ दिवा मालवला आणि चौक, फाटक, फाटकावरचा रखवालदार सगळं हळूहळू उमटलं. म्हणजे रात्री बाहेरचं बघायचं तर त्या बायकांना अंधारात बसावं लागत असणार. दिवसा तिकीट काढून गेलात तर हे कळायची सोयच नाही, कारण दिवसा बाहेर ऊन असतं आणि जाळी आपलं काम आपोआप करते.

तो जिनाही असाच. पायऱ्या इतक्या उंच की गुडघे दुखणाऱ्या बाईला भिंतीचा आधार घ्यावाच लागतो. तिथला घोटलेला चुना, आराईश म्हणतात त्याला, मुळात पांढराशुभ्र असतो. वळणावर नेमका हाताच्या उंचीवर त्याचा एक पट्टा काळपट, तुकतुकीत झालेला. माझा हात न बघता त्याच पट्ट्यावर गेला. याला तुम्ही इतिहास म्हणणार नसाल तर नका म्हणू. मी म्हणते, आणि तो मला संग्रहालयातल्या काचेपलीकडच्या तलवारीपेक्षा जास्त कळला.

तुम्ही एकदा तरी अशा ठिकाणी राहिला आहात का? प्रतिक्रियेवरून वाटत नाही. न राहता इतक्या ठामपणे लिहायचं धाडस मला झालं नसतं.

राहिलं काय? जाहिरात म्हणाल तर खोलीचं बिल आम्ही दोघींनी भरलंय. आणि सालं तपासायची तुम्हाला सवय आहे म्हणून सांगते, तनखे गेले ते १९७१ च्या घटनादुरुस्तीने. जयपूरच्या रामबाग महालाचं हॉटेल झालं १९५७ मध्ये, जगनिवासचं १९६३ मध्ये. तनखे चालू असतानाच. तेव्हा हा आक्षेप मुळातच उभा राहत नाही.

उमेद भवनचा विषय मोठा आहे. १९२९ ते १९४३ असं चौदा वर्षं ते काम चाललं, दुष्काळात माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेलं, आणि उभा राहिला तो ३४७ खोल्यांचा महाल. त्याचं काय म्हणायचं ते इतिहासकारांनी म्हणावं. माझा लेख मुक्कामावर होता, त्यात ते का नाही असं विचारणं म्हणजे जेवायला येऊन घराच्या सातबाऱ्याची चौकशी करण्यासारखं आहे.

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, चूक दाखवलीत तर आजच्यासारखीच सुधारीन. फक्त नाव घालून लिहा, आणि ते ‘बाई’ वगळून.