उचला गाडी, लावा आभाळाला

सर्वप्रथम अभिनंदन. तुमच्या गाडीची उंची कंपनीच्या इंजिनिअरांनी कागदावर, संगणकावर आणि चाचणीच्या रस्त्यावर ठरवली होती. ती चुकली आहे हे तुम्ही पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीकडे बघून एका नजरेत ओळखलंत. अशी नजर सगळ्यांना नसते. तेव्हा आता मागेपुढे बघू नका, सस्पेन्शन लिफ्टचं, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा बदलून गाडी वर उचलण्याचं, किट मागवा आणि गाडी घरीच उंच करा. गॅरेजवाल्याला काय कळतं? तो तर रोज हेच काम करतो.

खोक्यात लांब स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, नटबोल्टांची पिशवी आणि एक माहितीपत्रक येतं. माहितीपत्रक जमिनीवर अंथरा, ग्रीस पुसायला बरं पडतं. त्याहून काटकसर करायची असेल तर स्प्रिंगेवर ठेवायच्या नुसत्या चकत्या मिळतात. स्प्रिंग जुनी, शॉकॲब्सॉर्बर जुना, गाडी तेवढी उंच. मग शॉकॲब्सॉर्बर उभ्या गाडीतच अर्धाअधिक ताणलेला राहतो आणि चाक खड्ड्यात उतरलं की टोकाला जाऊन ठाण्‌कन वाजतो. पाहुण्यांना सांगायचं, ऑफ-रोड गाड्यांचा आवाज असाच असतो.

जागा शक्यतो उताराची निवडा, खालची माती भुसभुशीत असेल तर दुधात साखर. चाकांना पुढून-मागून दगड लावणं, चॅसीखाली जॅक स्टँड (गाडीला खालून टेकू देणारी लोखंडी घोडी) देणं, ही सगळी भित्र्या माणसांची कामं. तुम्ही जॅकवर विश्वास ठेवा. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडीचं वजन आणि तुमची छाती यांच्यामध्ये असतं ते दाबाखालचं तेल आणि ते तेल अडवून धरणारं एक छोटंसं सील. ते सील किती वर्षांचं आहे हे तुम्हाला माहीत नाही, मग काळजी कशाची करणार?

आता बोल्ट. इथेच घोडं पेंड खातं. व्हिडिओतला माणूस पाना लावतो, मनगट फिरवतो आणि बोल्ट सुटतो. त्याची गाडी कोरड्या हवेत वाढलेली असते. तुमची चिखलपाण्यात वाढली. आदल्या एकदोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं, तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, असं जाणकार म्हणतात. पण काम आज करायचं ठरलंय तर आजच. पाना लावा. हलत नाही? पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घाला आणि लटका. मग एकतर बोल्टचं डोकं गोल होईल किंवा ते तुटून हातात येईल. तिसरी शक्यता सर्वात सुंदर: बोल्ट फिरू लागेल. फिरेल, फिरतच राहील आणि बाहेर मात्र यायचा नाही. बऱ्याच गाड्यांत मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा वरचा बोल्ट ज्या नटात बसतो, तो नट आतल्या बाजूला वेल्ड केलेला असतो. आता तो वेल्ड तुटला आहे आणि नट आतल्या पोकळीत बोल्टच्या हातात हात घालून गिरक्या घेतो आहे. तिथे पाना जात नाही, बोट जात नाही, नजरही जात नाही. मग मागची सीट काढा, खालची मॅट उचला, पत्र्यावर अंदाजाने खूण करा आणि ड्रिल घ्या. सकाळी शॉकॲब्सॉर्बर बदलायला बसलेला माणूस संध्याकाळी गाडीच्या फरशीला भोक पाडत असतो, आणि त्यात त्याला काही विचित्रही वाटत नाही.

पुढे स्ट्रट असेल, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग, तर वर मधोमध एक नट दिसेल. तो फार मोहक असतो. दोन टनांच्या गाडीचा एकेक कोपरा सरासरी पाचशे किलोचा भरतो आणि हे वजन पेलणारी स्प्रिंग त्या नटाखाली दबा धरून बसलेली असते. स्प्रिंगला दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो नट सोडला की काही सेकंद काहीच होत नाही, मग सगळं एकदम होतं. (हे एक वाक्य मात्र खरं माना: स्प्रिंगचं काम जमत नसेल तर ते तेवढं गॅरेजात करून घ्या, बाकीचे प्रयोग घरी चालू द्या.)

स्प्रिंग बसवताना तिचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेत बसलं का, हे बघू नका. नाही बसलं तर पहिल्या वळणावर ती स्वतःहून जागा शोधते, आवाज करून.

ॲक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, खाली लोंबकळत असताना ब्रेकच्या नळीकडेही दुर्लक्ष करा. ती रबराची आहे, ताणली जाईलच. गाडी उंच झाली की ॲक्सल पूर्वीपेक्षा खाली उतरतो, नळीची लांबी मात्र तीच राहते. चाक पूर्ण खाली लोंबतंय आणि स्टिअरिंग एका टोकाला वळवलंय, अशा अवस्थेत नळी सैल आहे ना, हे दोन्ही बाजूंनी तपासायचं असतं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरीचंही तसंच. तपासलं नाही, तर ते काम एखादा मोठा खड्डा परस्पर करून टाकेल.

मग येतात कंट्रोल आर्मचे, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्यांचे, रबरी बुश. गाडी वर टांगलेली आहे, चाकं लोंबत आहेत, पाना हातात आहे, अशा वेळी सगळे बोल्ट करकचून आवळून टाका. हा मोह आवरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बुशच्या मधे लोखंडी नळी असते आणि बाहेरचं रबर तिला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते आणि आर्म हलेल तेवढं रबर पिळलं जातं. चाक लोंबत असताना आवळलंत, तर गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून ते रबर पिळलेलंच, उभ्या गाडीतसुद्धा. थोड्याच दिवसांत त्याला चिरा पडतात आणि तुम्ही 'हल्लीचे पार्ट पूर्वीसारखे राहिले नाहीत' म्हणायला मोकळे. चाकांवर वजन आल्यावर, गाडीखाली वाकून, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळणारे लोकही असतात. काहीशे किलोमीटर चालवून ते सगळे बोल्ट पुन्हा तपासतातसुद्धा. त्यांच्याशी मैत्री ठेवू नये.

गाडी खाली उतरली. किती देखणी दिसते! जरा मागून बघा. ॲक्सल एका बाजूला सरकल्यासारखा वाटतोय? भास नाही तो. अखंड ॲक्सलच्या गाडीत पॅनहार्ड रॉड नावाची आडवी दांडी असते, तिचं एक टोक चॅसीला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी वर गेली की दांडी जास्त तिरकी होते, तिची आडवी पोहोच कमी होते आणि ती ॲक्सलला चॅसीकडच्या टोकाच्या बाजूला ओढते. लांबी कमीजास्त होणारी दांडी मिळते, पण ती तुमच्या किटमध्ये नव्हती, म्हणजे लागत नसणार. स्टिअरिंगही सरळ रस्त्यावर वाकडं दिसेल. त्याचा खरा आनंद नव्या गाड्यांत आहे. स्टिअरिंगचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की साहेब वळताहेत, गाडी मात्र सरळ चालली आहे, मग स्टॅबिलिटी कंट्रोलला वाटतं गाडी घसरली आणि तो अधूनमधून एखादा ब्रेक स्वतःच दाबतो.

अलाइनमेंट? कशाला? पुढचा ॲक्सल किंचित फिरल्यामुळे कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप मधे आणणारा कोन, कमी झाला आहे एवढंच. आता वेगात गाडी रस्ताभर हिंडेल. तशात पॅनहार्ड रॉडचा बोल्ट थोडा सैल असेल आणि चाक एखाद्या सांध्यावर आदळलं, तर पुढची दोन्ही चाकं अशी थडथडू लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही. याला इंग्रजीतून आलेलं 'डेथ वॉबल' असं भारदस्त नाव आहे. त्यावर लोकप्रिय उपाय म्हणजे स्टिअरिंगचे हादरे शोषणारा नवा स्टिअरिंग डँपर. तो सैल बोल्ट घट्ट करत नाही, झिजलेला जॉइंट बदलत नाही, फक्त काही काळ तुम्हाला त्यांचं ऐकू येऊ देत नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर दगड खाली लागू नयेत म्हणून. तर ऐका. अखंड ॲक्सलच्या गाडीत सर्वात खाली असतो डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा. तो ॲक्सलवर असतो, ॲक्सल चाकांवर असतो, आणि तुम्ही उचलली स्प्रिंगेवरची बॉडी. बंपर वर गेला, पोट वर गेलं, चढउताराचे कोन सुधारले, हे खरंच. पण गोळा तसूभरही हलला नाही. ज्या दगडाला काल तो आपटत होता त्याच दगडाला आजही आपटेल, फक्त तुम्ही ते अधिक उंचावरून ऐकाल.

तो उचलायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास 2 इंच वाढवला तर गोळा वर जातो 1 इंच. 29 इंचांच्या जागी 31 इंचांचे घाला. स्पीडोमीटर पूर्वी अचूक असेल, तर आता 100 दाखवताना गाडी जवळजवळ 107 ने धावेल. गुरुत्वमध्य वर गेल्याने ती वळणावर उलटायलाही आधीपेक्षा सोपी झाली आहे, तेव्हा हे दोन्ही एकाच वेळी आजमावू नका. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील, तो अपर-डिपर देईल, त्याला हात करा.

स्टेपनी बदलू नका, जुन्या मापाचीच राहू द्या, नवी तिच्या जागेत बसणारही नाही. मग एखाद्या ओढ्याकाठी टायर फुटला की गाडीबरोबर आलेला जॅक काढा, चॅसीखाली लावा आणि फिरवत राहा. जॅक पूर्ण उघडेल, आटे संपतील आणि चाक जमिनीवरच टेकलेलं असेल. जॅकची उंची कंपनीने जुन्या गाडीच्या मापाने ठरवली होती. आता आजूबाजूला सपाट दगड शोधा, दोन तरी लागतील.