“नेट वाढवा, 300 टाका” : लाईव्हवाल्यांना मिळणारा फुकटचा सल्ला

यात्रांचा हंगाम आला की सांगली-मिरजेकडच्या लाईव्हवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतो: “आवाज आणि चित्र जुळत नाही? नेट कमी पडतंय, वाढवा. तरी नाही जमलं तर ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट 300 टाका. एकदा सेट केलं की कायमचं काम झालं.” ओबीएस म्हणजे लॅपटॉपवरून लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, आणि सिंक ऑफसेट म्हणजे त्यात आवाज किती मिलिसेकंद मागं-पुढं सरकवायचा तो आकडा.

नेटचं आधी. ओबीएसमधून बाहेर पडतानाच आवाज आणि चित्र दोघांवरही वेळेचा शिक्का बसतो. नेट अडखळलं की फ्रेम गळतात, बफरिंग होतं, लाईव्ह मागं पडतं. पण दोघं बरोबरच मागं पडतात. खात्री करायची तर लाईव्ह न जाता लॅपटॉपवर मिनिटभर रेकॉर्डिंग करून बघा. तिथंच ओठ आणि शब्दांची फारकत असेल तर रिचार्ज मारून काय उपयोग? तपासताना ब्लूटूथ इअरफोन मात्र नको, तो स्वतःच आवाज उशिरा पोचवतो.

आता ते 300. मिरजेतल्या मैफलीत मिक्सरचा आवाज थेट लॅपटॉपमध्ये जातो, चित्र कॅप्चर कार्डातून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डबीतून, येताना रेंगाळतं. आवाज आधी पोचतो, म्हणून त्याला थांबवायचं, ऑफसेट अधिक. कुस्तीच्या मैदानात सगळं उलटं. माइक कॅमेऱ्यावरच आणि हलगीवाला आखाड्यापलीकडं 35 मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे ठोका कॅमेऱ्यापर्यंत यायला 100 मिलिसेकंद लागतात. आधीच उशीर, त्यात आणखी 300 घातले तर पैलवानाची पाठ मातीला लागून जवळजवळ अर्धा सेकंद झाल्यावर आरोळी ऐकू येणार! इथं ऑफसेट उणे हवा; नाहीतर सरळ माइक हलगीजवळ न्या.

आकडा काढायला लोक टाळी वाजवतात, मैदानात हलगीच पुरे. टिपरू कातड्याला लागतं ती फ्रेम रेकॉर्डिंगमध्ये थांबवा, ठोका किती फ्रेम पुढं-मागं आहे ते मोजा. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर दर फ्रेमला 33 मिलिसेकंद धरा. शून्यावर आणायचा हट्ट नको. युरोपातल्या प्रसारकांच्या ईबीयू या संघटनेनं आवाज 40 मिलिसेकंद आधी किंवा 60 नंतर आला तरी चालेल असं ठरवलंय. उशिराला सूट जास्त, कारण लांबचा आवाज मागाहून येतो याची आपल्याला सवयच असते.

राहिलं ते “कायमचं काम”. सुरुवातीला जुळलेलं तासाभरानं सुटतं, हे दुखणंच वेगळं. यूएसबी साउंड कार्ड आणि कॅप्चर कार्ड यांची घड्याळं स्वतंत्र असतात. दहा लाखांत 50 एवढाच फरक असला तरी तासाला 180 मिलिसेकंद होतात. ओबीएस सावरायला बघतं, पण दरवेळी जमत नाही. वाढत जाणाऱ्या फरकाला एकच ठराविक आकडा कसा पुरणार? विंडोज, ओबीएस, साउंड कार्ड सगळीकडं आवाजाचा सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा. तेवढ्यानं भागलं नाही तर मिक्सरचा आऊटपुट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला द्या, म्हणजे आवाज आणि चित्र एकाच एचडीएमआय वायरीतून येतील. फक्त मिक्सरची पातळी बरीच खाली घ्या. मिक्सरमधून निघणारा लाइनचा जोरदार सिग्नल माइक इनपुटला झेपत नाही, आवाज फाटतो.