२९६ म्हणे!

सकाळी भुसावळच्या ग्रुपवर पुन्हा तेच ढकललेलं: "२९६ लोकांना दोन खासदार! बंद केलं ते बरं झालं." खाली हसरे चेहरे. हे २९६ म्हणजे अँग्लो-इंडियन, वडिलांकडून युरोपीय वंशाचे भारतीय, रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर इथं आलेला समाज. अरे भो, रेल्वेच्या गावात राहून यावर हसता?

अँग्लो-इंडियनांचा हा आकडा २०१९ मध्ये सरकारनं संसदेत सांगितला, २०११ च्या जनगणनेचा म्हणून. तो फॉर्म पाहिलाय कुणी? धर्म, मातृभाषा, एससी-एसटी असाल तर जातीचं नाव. अँग्लो-इंडियन असा रकानाच नाही. आमच्या लाइनीतल्या रिटायर्ड गार्ड अंकलनी धर्म ख्रिश्चन सांगितला, भाषा इंग्रजी. प्रगणकानं पान उलटलं. झाली मोजणी!

घटनेत मात्र कलम ३६६(२) मध्ये त्यांची व्याख्या आहे. कलम ३३१ नं राष्ट्रपती लोकसभेत दोघांपर्यंत नेमू शकत, ३३३ नं राज्यपाल विधानसभेत एक. म्हणून आपली विधानसभा २८८ अधिक १ होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनं एससी-एसटींच्या राखीव जागा २०३० पर्यंत वाढवल्या (वाढवायलाच हव्या होत्या) आणि यांची मुदत २५ जानेवारी २०२० ला संपू दिली.

"मग निवडणूक लढवा ना!" कुठून लढवणार? नंदुरबार लोकसभा एसटीला राखीव, भुसावळ विधानसभा एससीला; तिथं त्या समाजांचे मतदार आहेत. अँग्लो-इंडियन समाज मात्र रेल्वेबरोबर पांगला, भुसावळ, इगतपुरी, कल्याण. अंकल उभे राहिले तर अनामत जप्त. थोडे आणि विखुरलेले, म्हणूनच नेमणूक होती. थोडे आहेत म्हणून ती काढली, ही कुठली अक्कल?

हो, नेमणूक सरकारच्या सल्ल्यानं व्हायची, त्यामुळे माणूस बहुधा सत्तेच्या बाकावर बसायचा. मान्य. मग नाव सुचवायचा हक्क समाजाला द्यायचा होता, जागाच कशाला उडवली?

रेल्वे, कस्टम, पोस्ट, तार खात्यातलं आरक्षण तर कलम ३३६ नं दर दोन वर्षांनी साधारण १० टक्के घटवत दहा वर्षांत संपलंच होतं. अंकलची पोरं ऑस्ट्रेलियात गेली. ते गेले नाहीत. गाड्यांच्या वेळा अजून तोंडपाठ आहेत त्यांच्या.

असो. २०२७ च्या जनगणनेत सगळ्यांचीच जात नोंदवणार आहेत. प्रगणकानं विचारो न विचारो, या घरांनी 'अँग्लो-इंडियन' असं स्वतःहून सांगावं आणि काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. रेल्वे कॉलनीत ओळख असेल त्यांनी एवढा निरोप पोचवा.