नाताळ परका कसा? रत्नागिरीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मुंबईतल्या नाताळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मॉलमधल्या कापसाच्या बर्फाचं आणि लाल टोप्यांचं एवढं कौतुक कशाला? हे बाहेरून आलेलं फॅड आहे. कोकणातल्या मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध काय?" यातलं पहिलं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. पुढच्या दोन वाक्यांवरून मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

आधी माझी चूक. मी रोषणाई, सजवलेलं झाड आणि ऑफिसातल्या भेटवस्तू यांतच अडकले. मॉलमधलं झाड नोव्हेंबरातच उभं राहतं आणि २५ तारीख उलटली की उतरवायला घेतात. आम्हा ख्रिश्चनांकडे नेमकं उलटं असतं. नाताळाआधीचे चार रविवार हा आगमनकाळ, म्हणजे सणाच्या तयारीचा काळ. फादर जांभळी वस्त्रं घालतात, थाटामाटाची लग्नं शक्यतो पुढे ढकलतात. सण लागतो तोच २४ च्या रात्री, आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, घरात राहतो. हे मी लिहायला हवं होतं.

आता संबंधाचं. मी वसईची. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, नाताळची गाणी मराठीत गातात, आजीने मला रागावलं तेही मराठीतच. शाळेत एकदा मला कुणीतरी विचारलं होतं, "ख्रिश्चन असून तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुमची प्रतिक्रिया वाचताना तो वर्ग आठवला, म्हणून हे एवढं लांबण लावतेय.

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या काळात धर्मांतराची सक्तीही झाली, तो इतिहास मी नाकारत नाही. पण पोर्तुगीज निघून गेले तरी ज्यांनी धर्म बदलला होता ती माणसं इथलीच होती. ती इथेच राहिली, केळी आणि पानवेली लावत. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. परक्या म्हणून कुणी त्या उतरवल्या नाहीत.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून विचारते. हापूस परका आहे का हो? त्याचं नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरवरून पडलं असं मानतात आणि त्याच्या कलमांमागे पोर्तुगीजांचा हात आहे. काजू तर त्यांनी ब्राझीलहून आणला. पाव, चावी, पगार, बादली हे शब्द त्यांच्याकडूनच आले, 'नाताळ'सुद्धा. आंब्या-काजूला आपण मुलासारखं वाढवलं. मग सणाने असं काय केलं?

आणि मुंबई. वांद्र्याचं रणवार, माझगावची माथारपाखाडी, गिरगावातली खोताची वाडी, इथली ख्रिस्ती लोकांची लाकडी जिन्यांची घरं आजूबाजूच्या टॉवरांच्या कितीतरी आधीची. उत्तन, गोराई, मनोरीचे ख्रिस्ती कोळी तर दर्यावरच वाढलेले. गोव्याहून, मंगळुरूहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे सांगायला या मंडळींनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठीचीच.

माझी मावशी वांद्र्याच्या गावठाणात राहते. डिसेंबरात एका दुपारी आम्ही सगळ्या तिच्याकडे कुलकुल करायला बसतो. मैदा आणि रवा नारळाच्या दुधात मळायचा, छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबायच्या आणि वळकटी करून तळायच्या. दोन हातांनी होणारं हे काम नाहीच. शेजारच्या काकू दरवर्षी येतात, त्यांचे कुलकुल माझ्यापेक्षा सुबक होतात. मग नेवऱ्या. मालवणकडे करंजीला हाच शब्द आहे, सारणही ओल्या-सुक्या खोबऱ्याचंच. दिवाळीत काकूंचा फराळ मावशीकडे येतो आणि नाताळात तोच डबा भरून परत जातो. मोठ्या शहरातला नाताळ म्हणजे माझ्यासाठी हा डबा. लेखात तो नव्हता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मॉलचा फोटो आज काढून टाकला. त्या जागी मावशीच्या पडवीतल्या गोठ्याचा लावलाय. त्यातलं हिरवं गवत म्हणजे परातीत पेरलेली नाचणी, नवरात्रात घटाखाली रुजवण घालतात तशी. ती उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मावशी तारीख धरून पेरते आणि रोज सकाळी हाताने पाणी शिंपडते.

६ जानेवारीच्या आत मुंबईला येणं झालं तर कळवा. मी न्यायला येईन. दुपारी चारनंतर मावशी घरीच असते.