शेवटचा अंक 1 च येणार

ताई, 111111111 चा वर्ग 12345678987654321 येतो, या लेखातल्या विधानावर तुमचे आक्षेप दोन. रामबागेतल्या तुमच्या शिकवणीत मुलांनी एक्सेलमध्ये 111111111 चा वर्ग काढला, तो 12345678987654300 आला. म्हणून लेखातलं उत्तर चूक. आणि 9 पर्यंत चढून परत उतरणारी ही अंकांची माळ म्हणजे निव्वळ योगायोग, गणित नव्हे. मला दोन्ही मान्य नाहीत.

आधी एककाचा अंक बघा. 1 ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग 1 नेच संपतो, शून्याने संपणं शक्यच नाही. शिवाय 111111111 ला 9 ने भाग जातो, म्हणजे त्याच्या वर्गाला 81 ने जायलाच हवा. एक्सेलच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज येते 78. त्याला 9 नेसुद्धा भाग जात नाही. एक्सेल 15 अंकच दाखवतं आणि पुढे शून्यं भरतं. आपली संख्या 17 अंकी. सेलचा फॉरमॅट नंतर टेक्स्ट केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. (जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हाच वर्ग काढला तर शेवटी 320 दिसेल. 2 च्या 53 व्या घाताच्या पुढे तिथल्या साध्या संख्याप्रकारात विषम संख्या मावत नाहीत.)

हे वहीत पाच पायऱ्यांत होतं. 111111111 = 111 × 1001001. पहिल्याचा वर्ग 12321, दुसऱ्याचा 1002003002001. म्हणून 12321 ला उजवीकडून अनुक्रमे 1, 2, 3, 2, 1 ने गुणायचं, दर वेळी शेवटचे तीन अंक लिहायचे आणि उरलेले हातचे धरायचे:

12321 → 321, हातचे 12
24642 + 12 = 24654 → 654, हातचे 24
36963 + 24 = 36987 → 987, हातचे 36
24642 + 36 = 24678 → 678, हातचे 24
12321 + 24 = 12345

खालून वर वाचा: 12345 678 987 654 321. मुलं इथे चुकतात ती हातच्यात. हातचा एकच अंक असतो ही सवय पडलेली असते, इथे तो दोन अंकी येतो.

आता योगायोगाचं. नेहमीसारखा उभा गुणाकार मांडा. 111111111 च्याच नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत 1, 2, 3 असे वाढत मध्ये 9 एके येतात, मग तसेच कमी होतात. कुठल्याच रकान्याची बेरीज 9 च्या वर जात नाही, हातचा येत नाही, म्हणून रकान्यातले एके मोजले की तोच उत्तरातला अंक. दहा एके घेतले की मधला रकाना 10 होतो आणि माळ तुटते: 1234567900987654321. कुठे तुटणार हे गुणाकार न करता सांगता येतं, मग याला योगायोग कसं म्हणायचं? देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी 1, 121, 12321 ही माळ डेम्लो संख्यांमध्ये (हे नाव त्यांनीच दिलेलं) अभ्यासली, ती याच रचनेसाठी.

अवयवही तपासून घ्या. 111111111 = 3 × 3 × 37 × 333667, वर्गात 3 चारदा, 37 आणि 333667 दोन-दोनदा येतात; प्रत्येक घातात 1 मिळवून गुणलं की वर्गाला 5 × 3 × 3 = 45 भाजक. एक्सेलच्या संख्येला 2 आणि 5 नेही भाग जातो, खऱ्या संख्येला जात नाही.

मुलांना आता अकरा एक्यांचा वर्ग द्या, फक्त वहीत. उत्तर 123456790120987654321 यायला हवं.