‘पहिल्या अंकापासून सुरू करा’ हा सल्ला नव्या वाचकाला देऊ नका

कॉमिक्स वाचायची इच्छा कुणी बोलून दाखवली की एक ठरलेला सल्ला पुढे येतो आणि तो वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा : आवडत्या पात्राच्या पहिल्या अंकापासून क्रमाने वाचा, तेवढा धीर नसेल तर थेट ‘वॉचमेन’ ही गाजलेली सुपरहिरो-मालिका वाचा, सुटे संग्रह घेत बसू नका, जाडजूड ऑम्निबस (अनेक अंक एकत्र बांधलेलं मोठं पुस्तक) घ्या, आणि काहीच सुचत नसेल तर आवडलेल्या सिनेमाचं मूळ कॉमिक उचला. सल्ला देणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण यातला प्रत्येक मुद्दा आधीपासून वाचणाऱ्याच्या सोयीचा आहे. नवा वाचक त्याने दारातच अडतो.

पहिल्या अंकाचं आधी बघू. सुपरमॅन १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला आणि त्याची जन्मकथा तिथे एका पानात उरकली आहे. स्पायडरमॅनची १९६२ची पहिली गोष्ट अवघी ११ पानांची. या गोष्टींचं मोल मोठंच आहे, पण त्या काळात चौकटीत जे दिसतंय तेच वरच्या मजकुरातही सांगायची रीत होती. आजच्या वाचकाला ते जड जातं, आणि पुढे शेकडो अंक वाट बघत असतात. मुळात ही मासिकं क्रमानेच वाचली जातील असं ती काढणाऱ्यांनीही कधी धरलं नव्हतं. वाचक मध्येच येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी मधून मधून नवी दारं उघडली. १९८७ साली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी ‘बॅटमॅन’च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत त्याचं पहिलं वर्ष नव्याने सांगितलं. ‘इयर वन’ या नावाने त्याचा छोटा संग्रह मिळतो, आणि तो वाचायला मागचं काहीही माहीत असावं लागत नाही. २०००मध्ये ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ याच हेतूने सुरू झालं. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांच्या ‘ऑल-स्टार सुपरमॅन’चं पहिलं पान तर कुणालाही उघडून दाखवावं : चार चौकटी, इंग्रजीतले जेमतेम आठ शब्द, आणि सुपरमॅनची जन्मकथा पूर्ण. असं पान हाताशी असताना नव्या माणसाला १९३८मध्ये कशाला पाठवायचं?

आता ‘वॉचमेन’. १९८६-८७मध्ये आलेले हे १२ अंक थोर आहेत, माझा वाद त्यावर नाहीच. वाद क्रमावर आहे. त्याच्या पाचव्या अंकात पानांची रचना आरशासारखी आहे : पहिल्या पानाच्या चौकटी शेवटच्या पानाशी जुळतात, दुसऱ्याच्या त्याच्या आधीच्या पानाशी, आणि ही जुळणी अंकाच्या मध्यावर समोरासमोरच्या दोन पानांत येऊन मिळते. आधी चित्र बघायचं की संवादाचा फुगा वाचायचा, यातच जो अजून चाचपडतोय त्याला हे दिसणार कसं? शिवाय ते पुस्तक सुपरहिरो या कल्पनेचीच उलटतपासणी करतं. ज्याने त्या कल्पनेवर कधी जीव लावला नाही, त्याला त्या तपासणीतलं दुखणं पोचत नाही. दहावं पुस्तक म्हणून द्या, तेव्हा तो तुमचे आभार मानेल.

ऑम्निबसबद्दल थोडक्यात. पानामागे खर्च कमी पडतो, हे खरं. पण हजारेक पानांचा मोठ्या आकाराचा ठोकळा आडवं पडून वाचता येत नाही, बरोबर नेता येत नाही, आणि पन्नास पानांत मन लागलं नाही तर सगळा खर्च वाया. पाच-सहा अंकांचा ट्रेड पेपरबॅक, म्हणजे मऊ बांधणीचा छोटा संग्रह, दोन बैठकांत संपतो. संपलेलं पुस्तकच पुढचं मागायला लावतं. ऑम्निबस आवडलेल्या गोष्टीसाठी घ्यावा, पुन्हा पुन्हा वाचायला.

सिनेमाच्या वाटेने येणाऱ्यांची फसगत मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते उत्साहात आलेले असतात. ‘सिव्हिल वॉर’ घ्या. २०१६चा सिनेमा बघून २००६-०७चं कॉमिक हातात घेतलं तर कारण वेगळं, बरीचशी पात्रं वेगळी, शेवटही वेगळा. मुख्य मालिका सात अंकांची, पण तिचे धागे त्या वेळच्या इतर कितीतरी मासिकांत पसरलेले. वाचकाला वाटतं, आपल्यालाच काही कळत नाहीये.

या सगळ्या सल्ल्यात एक प्रश्न कुठेच नाही : तुम्ही एरवी काय वाचता? आत्मचरित्रं आवडणाऱ्याला केपवाला नायक कशाला? मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’ द्या. इराणमधल्या बालपणाची ही गोष्ट, काळ्या-पांढऱ्यात, छोट्या प्रकरणांत. सुरुवातीलाच वर्गातल्या मुलींचा फोटो येतो. मार्जान सांगते की मी अगदी डाव्या टोकाला बसले आहे, म्हणून दिसत नाही. आणि चौकट खरोखरच तिला कापून टाकते. शब्द आणि चित्र मिळून कसं बोलतात, हे नव्या वाचकाला तिथल्या तिथे उमगतं. इतिहासात रस असेल तर आर्ट स्पीगेलमनचं, ज्यूंच्या नरसंहारावरचं ‘माउस’ आहे, ज्याला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. कथासंग्रह आवडत असतील तर नील गेमनच्या ‘सँडमॅन’चा तिसरा संग्रह द्या. हो, तिसरा! ७५ अंकांच्या मालिकेतले १७ ते २० हे चार अंक त्यात आहेत, आणि चारही गोष्टी स्वतंत्र. रहस्यकथा वाचणाऱ्याला नाओकी उरासावाची ‘प्लुटो’ ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक : आठ खंड, आणि गोष्ट पूर्ण. फक्त पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, एवढं देतानाच सांगा.

घेताना एक काळजी मात्र घ्या. पुस्तकाच्या कण्यावर ‘खंड १’ छापलंय म्हणून ती सुरुवात असतेच असं नाही. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे अंक १९९९, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२२ साली पुन्हा एकपासून मोजले गेले, त्यामुळे एकाच नावाचे अनेक ‘पहिले’ खंड आहेत. मलपृष्ठावर किंवा आतल्या श्रेयपानावर कोणत्या सालचे, कुठून कुठपर्यंतचे अंक घेतले आहेत ते लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचा, लेखक-चित्रकाराचं नाव पडताळा, आणि मगच पुस्तक नव्या वाचकाच्या हातात द्या.