नाडी लागते, म्हणजे सगळं ठीक? : ऐरोलीच्या आजोबांना उत्तर

नमस्कार आजोबा,

मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरवर मी लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : स्नायूंची आणि नसांची नावं सामान्य माणसाच्या कामाची नाहीत, ‘नाडी लागली तरी निर्धास्त राहू नका’ हे वाक्य आईबापांना उगाच घाबरवतं, कारण तुमच्या नातवाची नाडी लागत होती आणि तो बरा झाला, आणि गावाकडे हाडवैद्याच्या पट्टीने कित्येक हात जुळलेत. नातू खेळायला लागला हे वाचून फार बरं वाटलं. पण ते वाक्य मी काढणार नाही.

मनगटाशी अंगठ्याच्या बाजूला आपण नाडी बघतो ती रेडियल आर्टरीची. दंडातून आलेली मोठी धमनी कोपराच्या जरा खाली दुभंगते : एक रेडियल, दुसरी अल्नर. अल्नरपासून लगेच एक आखूड फांदी निघते आणि तिचा पुढचा फाटा दोन हाडांमधल्या पडद्याला लागून मनगटाकडे उतरतो. बोटांची टोकं वाकवणारा खोलातला स्नायू आणि अंगठ्याचं टोक वाकवणारा लांब स्नायू हाडांना टेकूनच असतात. त्यांना रक्त मुख्यतः या फाट्याकडून मिळतं. आपलं बोट असतं भलत्याच धमनीवर.

त्यात हे सगळे स्नायू एका चिवट आवरणात बंद असतात. पुढून आवरण, मागून हाडं आणि पडदा, वरून प्लास्टर. आत सूज आली तर तिला जायला जागाच नाही. आतला दाब पाऱ्याच्या 30 मिलिमीटरच्या आसपास गेला की बारीक केशवाहिन्या मिटायला लागतात. मुलाच्या धमनीतला वरचा दाब मात्र 100 च्या घरात असतो, त्यामुळे नाडी उडत राहते. घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीत गेटवरच्या मेन लाइनला पाणी असतं आणि वरच्या मजल्याचा नळ कोरडा, तसंच हे.

स्नायू असा रक्ताविना सहा-एक तास राहिला तर त्याचं कायमचं नुकसान व्हायला लागतं. नंतर तिथे आखडलेला, दोरीसारखा व्रण उरतो. मनगट वाकतं, बोटं आत वळून बसतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 साली हे लिहिलं आणि घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. हा प्रकार नेहमी होत नाही, क्वचितच होतो. पण झाला की त्या हाताला आयुष्यभर पुरतो, म्हणून मी इतकं कळकळीने लिहिते.

आता नावांबद्दल. खोलातल्या स्नायूंची खूण सरळ आहे : पोराची बोटं आपण हलकेच सरळ केली की ते कळवळतं, कारण ताण नेमका त्याच स्नायूवर येतो. औषध देऊनही वेदना वाढत जाते, पोर चिडचिडं होतं, सारखं औषध मागतं. रात्री अकरा वाजता डॉक्टरांना ‘खूप रडतोय हो’ म्हणण्यापेक्षा ‘बोटं सरळ केली की किंचाळतो’ म्हटलं तर ते लगेच उठून बसतील. अशा वेळी सकाळची वाट बघू नका. घरून निघण्यापूर्वी फोन करा, हात छातीच्या पातळीवर ठेवा, फार उंच टांगू नका. हॉस्पिटलमध्ये प्लास्टर आणि आतला कापूस दोन्ही तळापर्यंत कापून मोकळं करतात. तेवढ्याने भागलं नाही तर आवरण उघडण्याचं ऑपरेशन लागतं.

दुसरी खूण शांत असते. कोपराच्या वरच्या या फ्रॅक्चरमध्ये मीडियन नर्व्ह या हातातल्या मोठ्या नसेची एक फांदी बऱ्याचदा दुखावते. ती कातडीला संवेदना देतच नाही, त्यामुळे बधिरपणा नाही आणि मूल तक्रारही करत नाही. फक्त अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून गोल ‘ओके’ करता येत नाही. बहुतेकांची ती काही महिन्यांत आपोआप सुधारते, पण डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे.

हाडवैद्यांकडे हाडं जुळतात, मान्य. मुलांची हाडं जुळतातच. माझा आक्षेप आहे तो सुजत चाललेल्या हातावर कामट्या लावून करकचून बांधण्याला आणि ‘आठ दिवस सोडू नका’ म्हणण्याला. दहीहंडीच्या सरावात पडलेलं पोर असो की सोसायटीच्या झोपाळ्यावरून पडलेलं, पहिले दोन दिवस तो हात कुणीतरी पुन्हा पुन्हा बघायलाच हवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, तेल लावून चोळू का? नको. ओढून सरळही करू नका. दुखावलेल्या कोपराला जोर लावला की आखडणं वाढतं. त्याला खेळू द्या, जेवू द्या त्याच हाताने. लहान मुलांचं कोपर काही महिन्यांत सहसा मोकळं होतं. आज संध्याकाळी फक्त त्याच्याकडून दोन्ही हातांनी ‘ओके’ करून घ्या. एका हाताचा गोल चपटा झाला, बोटांची टोकं वाकलीच नाहीत, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच्या डॉक्टरांना दाखवा.